एकाच पायरीवरचे दोघे : ओरिक्स आणि समुद्रगाय

आजच्या भागात आपल्या दोन शेजाऱ्यांची गोष्ट आहे. अमिरातीत, कतारमध्ये, ओमानमध्ये आपण कामाधंद्यासाठी आलो त्याच्या हजारो वर्षं आधीपासून राहणारे हे शेजारी. त्यातल्या एकाला तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. निदान त्याचं चित्र तरी. पन्नास दिऱ्हमच्या जुन्या नोटेवर तो होता, कतार एअरवेजच्या विमानाच्या शेपटीवर तो आहे, आणि २००६च्या दोहा एशियाडचा शुभंकरही तोच होता. अरबी ओरिक्स. पांढराशुभ्र, चॉकलेटी पायांचा, दोन फुटांहून लांब सरळसोट शिंगांचा. बाजूने पाहिलं की दोन शिंगांचं एकच दिसतं, आणि एकशिंगी घोड्याची दंतकथा यातूनच निघाली असावी असं बरेच जण मानतात. अरबीत त्याला ‘महा’ म्हणतात. आपल्याकडे सुंदर डोळ्यांच्या बाईला मृगनयनी म्हणतात, तशी अरबी कवींनी प्रेयसीच्या डोळ्यांना महाच्या डोळ्यांची उपमा दिली. मुलींचं नावही महा असतं. तुमच्या ऑफिसातही एखादी असेल.

दुसरा शेजारी मात्र इथे वीस-वीस वर्षं राहिलेल्या माणसांनीही पाहिलेला नसतो. समुद्रगाय, म्हणजे डुगाँग. इथले जुने कोळी त्याला ‘बगर अल-बहर’ म्हणतात, अर्थ तोच, समुद्राची गाय. अडीच-तीन मीटर लांब, तीन-चारशे किलो वजनाचा, राखाडी, बोजड, खाली वळलेल्या नाकाडाचा प्राणी. दिसायला कुणाला आवडेल असा नाही. कुणी मुलीला त्याचं नाव ठेवत नाही.

जगभरच्या प्राण्यांची स्थिती नोंदवणारी आययूसीएनची एक लाल यादी असते. तीत आज या दोघांपुढे एकच शब्द आहे : व्हल्नरेबल, म्हणजे असुरक्षित. माझं पोट आयटीतल्या सल्लागारीवर चालतं, आणि असा एका रंगाचा ठिपका दोन ओळींपुढे दिसला की पहिला प्रश्न सवयीने येतो : गेल्या वर्षी इथे कुठला रंग होता? ओरिक्स या पायरीवर खालून चढत आलाय. अगदी तळापासून, ‘निसर्गातून नामशेष’ या पायरीपासून. समुद्रगाय तिथे उभी आहे ती वरून घसरत येऊन. ठिपका एकच, वाटा उलट्या. हे कसं झालं ते आज पाहू.

सुरुवात फार जुनी आहे. अल ऐनला हिली इथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची एक मोठी गोल कबर आहे. शाळेच्या सहलींमुळे ती बऱ्याच मुलांना माहीत असते. तिच्या प्रवेशाच्या दगडावर दोन माणसं आणि त्यांच्याबरोबर ओरिक्स कोरलेला आहे. म्हणजे नोटेवर छापायच्या चार हजार वर्षं आधी तो दगडावर छापून झाला होता. याच संस्कृतीला जिचं नाव दिलं गेलं ती उम्म अन-नार अबुधाबीजवळच आहे. तिथे १९५९ साली डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी खणायला सुरुवात केली, आणि त्या वस्तीत समुद्रगाईची हाडं भरपूर सापडली. ओरिक्स कबरीच्या दारावर आणि समुद्रगाय चुलीपाशी, असा थोडक्यात हिशेब वाटतो.

पण उम्म अल-कुवैनच्या खाडीतल्या अकाब नावाच्या छोट्या बेटाने हा हिशेब मोडला. तिथे समुद्रगाईंच्या हाडांचा एक ढिगारा मिळाला. आधी तो मासेमारांचा उकिरडाच वाटला होता. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी तो नीट उलगडला तेव्हा दिसलं की कवट्या ओळीने, एका दिशेला तोंड करून मांडल्या आहेत, फासळ्या जुळवून लावल्या आहेत, मध्ये मणी आणि हत्यारं ठेवली आहेत. किमान चाळीस समुद्रगाई, आणि काळ इसवीसनापूर्वी सुमारे ३५०० ते ३२००. अरबस्तानातलं हे सर्वांत जुनं ज्ञात पूजास्थान मानलं जातं. तेव्हा ज्या प्राण्याला आज कुणी ओळखत नाही, त्याची कधीकाळी या किनाऱ्यावर मांडणी करून पूजा झाली होती. मला स्वतःला हिलीच्या कोरीवकामापेक्षा ही कवट्यांची ओळ जास्त हलवते.

आता ओरिक्सकडे. हजारो वर्षं बेदूंनी त्याची शिकार केली. उंटावरून, साध्या बंदुकीने. वाळवंट अफाट होतं, ओरिक्स पाऊस कुठे पडला याचा माग काढत शेकडो किलोमीटर फिरायचा, पाण्याशिवाय आठवडेच्या आठवडे काढायचा. दवावर आणि झाडपाल्यातल्या ओलाव्यावर भागवायचा. उंटावरचा माणूस त्याला संपवू शकत नव्हता. मोटार आली, तिच्या मागे स्वयंचलित बंदूक आली, आणि तेलाचा पैसा आला तसं दोन्ही सगळीकडे पोचलं. ओरिक्स वेगाने धावतो, पण उघड्या मैदानात जीप थकत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत ओरिक्स जवळजवळ सगळीकडून गेला. उरला तो ओमानच्या मध्यभागी जिद्दत अल-हरासीस या खडकाळ पठारावर आणि एडनच्या पूर्वेकडच्या संरक्षित मुलुखात, आजच्या येमेनमध्ये. जाता जाता सांगतो, हे एडन १८३९पासून १९३२पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभारात होतं. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळात तिथली फाइल मुंबईला यायची.

१९६१ साली त्या पूर्वेकडच्या मुलुखात मोटारींतून एक शिकारी टोळी आली आणि उरलेल्यांतले बरेच ओरिक्स मारून गेली. ही बातमी लंडनच्या फॉना प्रिझर्वेशन सोसायटीपर्यंत पोचली आणि घाईघाईने एक मोहीम आखली गेली : ऑपरेशन ओरिक्स. केनियाचे मुख्य वन्यजीव अधिकारी मेजर इयन ग्रिमवुड तिचे प्रमुख. १९६२च्या उन्हाळ्यात, काही गाड्या, एक छोटं विमान आणि स्थानिक बेदू मागकाढे घेऊन ते वाळवंटात उतरले. उद्देश एवढाच, की जमतील तेवढे जिवंत पकडायचे. किती मिळाले? चार. तीन नर, एक मादी. त्यातला एक नर दगावला, आणि त्याच्या अंगात आधीच्या शिकाऱ्यांची गोळी निघाली. राहिले तीन.

तीन जनावरांवर कळप उभा राहत नाही. मग मागामागी सुरू झाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने आपली एक मादी दिली. कुवेतहून एक मादी आली. सौदीच्या राजांनी रियाधच्या संग्रहातून दोन जोड्या दिल्या. एकूण नऊ. आधी त्यांना केनियात ठेवायचं ठरत होतं, पण तिथे लाळ-खुरकुताची साथ होती. शेवटी हवा वाळवंटी म्हणून अमेरिकेतलं अ‍ॅरिझोना निवडलं गेलं, आणि १९६३पासून फीनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात हा ‘जागतिक कळप’ जमू लागला. या कामाला पैसे देणाऱ्यांत एक अमेरिकन शिकाऱ्यांचा क्लब होता, आणि त्याच्या नावात ‘शिकार’ हा आपलाच शब्द आहे : शिकार-सफारी क्लब. संवर्धनाच्या इतिहासात असे विचित्र हात बऱ्याचदा लागलेले दिसतात. त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही, पण लक्षात ठेवावं.

१९६३च्या ऑक्टोबरात पहिलं पाडस जन्मलं. पुढे कळप वाढत गेला, लॉस एंजलिस आणि सॅन डिएगोलाही जनावरं गेली. इकडे अबुधाबीत शेख झायेद यांनीही साठच्या दशकातच काही ओरिक्स पकडवून अल ऐनला पैदास सुरू केली होती. हे सगळं वेळेत झालं म्हणायचं. कारण १९७२च्या ऑक्टोबरात जिद्दत अल-हरासीसवर शेवटचा जंगली कळप शिकाऱ्यांनी संपवला. त्या दिवसापासून ओरिक्स फक्त कुंपणात उरला.

आमच्या धंद्यात याला बॅकअप म्हणतात. मूळ यंत्रणा कोसळली, पण प्रत दुसऱ्या गावी सुखरूप होती. आता ती परत चढवायची. तेही झालं. ओमानचे सुलतान काबूस यांच्या पाठिंब्याने १९८०मध्ये ओरिक्स अमेरिकेहून यालूनी इथे परत आले. त्यांना इथल्या हवेशी, चाऱ्याशी जुळवून घ्यायला वेळ दिला गेला आणि ३१ जानेवारी १९८२ रोजी पहिला कळप मोकळा सोडला. राखण करायला नेमले ते हरासीस जमातीचेच लोक, ज्यांच्या मुलुखात तो शेवटचा कळप मारला गेला होता. त्यांना तो डाग होता, असं त्या प्रकल्पावर काम केलेल्यांनी लिहून ठेवलंय. १९९४मध्ये युनेस्कोने या अभयारण्याला जागतिक वारसा म्हटलं. १९९६पर्यंत ओरिक्स साडेचारशेच्या आसपास पोचले.

इथे गोष्ट संपली असती तर शाळेच्या पुस्तकात शोभली असती. पण १९९६ सालीच चोरटी पकड सुरू झाली. मारण्यासाठी नव्हे, जिवंत पकडून विकण्यासाठी. खासगी संग्रहात ओरिक्स असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली होती आणि त्याला चांगली किंमत येत होती. पकडायच्या त्या मुख्यतः माद्या आणि पाडसं, कारण पैदास त्यांच्यावर. गाडीच्या मागे पाय बांधून नेताना कित्येक मेले. दोन-तीन वर्षांत कळप इतका घटला की प्रकल्पवाल्यांनी उरलेल्यांतले काही स्वतःच पकडून पुन्हा कुंपणात घातले. २००७पर्यंत पासष्ट उरले, त्यातल्या पैदाशीच्या जोड्या जेमतेम चार. त्याच सुमारास ओमानने तेल आणि वायूच्या शोधासाठी अभयारण्याचं क्षेत्र नव्वद टक्के कमी केलं. २८ जून २००७ रोजी युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीतून काढलं. यादीतून काढलं गेलेलं ते जगातलं पहिलंच ठिकाण.

मला या सगळ्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ओरिक्स वाचला तो मालकीमुळे. राजांनी, शेखांनी, प्राणिसंग्रहालयांनी तो आपला म्हणून बाळगला, म्हणून नऊ जनावरं जमली. आणि ओमानमध्ये तो दुसऱ्यांदा बुडाला तोही मालकीच्या हौसेपायीच. ज्या प्राण्याला गोठा चालतो त्याला खरेदीदारही मिळतो.

तरीही एकूण ताळेबंद जमेचा आहे. सौदी अरेबियात महाझात अस-सईद आणि पुढे उरूक बनी मआरिद इथे सोडलेले कळप टिकले. दुबईच्या वाळवंटी राखीव क्षेत्रात, अबुधाबीच्या दक्षिणेला उम्म अल-झुमूलला ते आहेत, जॉर्डन आणि इस्रायलमध्येही सोडले गेले. २०११मध्ये आययूसीएनने ओरिक्सला ‘असुरक्षित’ या पायरीवर आणलं. ‘निसर्गातून नामशेष’ झालेला प्राणी इतका वर येण्याची ती पहिली वेळ. पुढच्या मोजणीत मोकळे ओरिक्स सुमारे बाराशे आणि कुंपणातले सहा ते सात हजार. हे प्रमाण नीट ऐका. दर सहा-सात ओरिक्समागे मोकळा एकच.

आता समुद्राकडे वळू, आणि इथे कथा सांगणं अवघड होतं. कारण समुद्रगाईच्या गोष्टीत मोहीम नाही, मेजर नाही, विमानातून उतरणारं पेटारं नाही. ती समुद्रतळाच्या गवतावर जगते. हो, समुद्रातही गवत असतं, शेवाळ नव्हे, खरंखुरं, फुलं येणारं. आपल्या या आखातात त्याच्या तीनच जाती आहेत. समुद्रगाय दिवसाला तीस-चाळीस किलो गवत मुळासकट उपटून खाते, आणि ती चरून गेलेली वाट तळावर नांगरल्यासारखी दिसते. आखाताची सरासरी खोली पस्तीस मीटरच्या आसपास, म्हणून ऊन तळापर्यंत पोचतं आणि कुरणं वाढतात. समुद्रगाय इथे टिकली ती या उथळपणामुळे. पण बंदरं, कृत्रिम बेटं, गाळउपसा, सगळं याच उथळ पाण्यात होतं.

१९८३ साली, इराण-इराक युद्धात, नवरोझ तेलक्षेत्रातून महिनोन् महिने तेल समुद्रात वाहत राहिलं. सौदी किनाऱ्यावर तीसहून अधिक समुद्रगाई मरून लागल्या. या आखातात मुळात उरल्यात तरी किती, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. अँथनी प्रीन या संशोधकाने सौदी पर्यावरण खात्यासाठी विमानातून मोजणी केली. १९८६मध्ये कतार आणि बहरीनच्या मधल्या पाण्यात त्याला एकच कळप दिसला, ६७४ समुद्रगाईंचा. जगात कुठेही नोंदला गेलेला हा सर्वांत मोठा कळप. एकूण अंदाज निघाला सुमारे ५८००. ऑस्ट्रेलियाखालोखाल एवढ्या समुद्रगाई जगात कुठे नाहीत, हे तेव्हा कळलं. मरून किनाऱ्याला लागल्या म्हणून त्या मोजल्या गेल्या. आजही त्यांची बरीचशी माहिती वाहून आलेल्या मृतदेहांवरूनच मिळते.

त्यातल्या सुमारे तीन हजार एकट्या अबुधाबीच्या पाण्यात आहेत. १९९९च्या संघीय कायद्याने त्यांच्या शिकारीवर बंदी आली. त्याआधी किनाऱ्यावरचे लोक मांसासाठी त्या मारत, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. २००७मध्ये, म्हणजे ओमानचं ओरिक्स अभयारण्य यादीतून गेलं त्याच वर्षी, युनेस्कोने मरावाह बेटांभोवतीचं चार हजार चौरस किलोमीटरहून मोठं क्षेत्र जीवावरण राखीव म्हणून मान्य केलं. एक गेलं, एक आलं. योगायोगच, पण तारखा शेजारी ठेवल्या की डोळ्यात भरतो.

शिकार थांबली तरी समुद्रगाई मरतात, आणि मुख्य कारण आहे जाळं. समुद्रगाय सस्तन आहे, दर काही मिनिटांनी वर येऊन श्वास घ्यावा लागतो. रात्री सोडून दिलेल्या, प्रवाहाबरोबर तरंगणाऱ्या लांब जाळ्यात ती अडकली की बुडून मरते. कोळ्याला ती नको असते, तिच्यापासून त्याला फायदा नाही, उलट जाळं फाटतं. इथे कुणी खलनायक नाही, म्हणून कुणाला पकडून गोष्ट संपवताही येत नाही.

आणि आकडे निर्दय आहेत. ओरिक्सची मादी दोन-तीन वर्षांची झाली की विते आणि सोय असेल तर जवळजवळ दर वर्षी विते. म्हणून नवाचे हजारो झाले. समुद्रगाय सत्तर वर्षं जगू शकते, पण पहिलं पिल्लू सहा ते सतरा या वयात कधीतरी, गर्भ तेरा-चौदा महिने, मग दीड वर्ष दूध, आणि दोन पिल्लांत तीन ते सात वर्षांचं अंतर. सगळं सुरळीत असलं तरी संख्या वर्षाला जास्तीत जास्त पाच टक्के वाढते. बँकेच्या ठेवीपेक्षा वाईट व्याज. यात जाळ्यांनी वर्षाला थोड्या जास्त माद्या घेतल्या की वाढीची घट होते, आणि ती पाण्याखाली होते म्हणून वर्षानुवर्षं कळतही नाही. चीनच्या किनाऱ्यावर असंच झालं. २०२२मध्ये संशोधकांनी तिथली समुद्रगाय व्यवहारतः नामशेष झाल्याचं सांगितलं. तिची उत्तरेकडची अवाढव्य बहीण, स्टेलरची समुद्रगाय, तर १७४१मध्ये युरोपियनांना दिसली आणि १७६८पर्यंत संपली. सत्तावीस वर्षं लागली.

मग समुद्रगाईचाही एक ‘जागतिक कळप’ का करत नाहीत? रोज चाळीस किलो समुद्रगवत कुठून आणणार, इथूनच अडचण सुरू होते. जगातल्या मत्स्यालयांत फार थोड्या समुद्रगाई राहिल्या आहेत, आणि त्यांच्यापासून वंश वाढवण्याचा कुठलाही कार्यक्रम नाही. हिची प्रत काढून ठेवता येत नाही. चालू यंत्रणा आहे तीच, आणि ती बंद न पाडता दुरुस्त करायची.

भारतातही या दोन्ही वाटा आज शेजारी शेजारी चालू आहेत. आपला माळढोक, सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर एकेकाळी सहज दिसणारा, आता देशभरात दीडशेच्याही खाली गेलाय. त्याची अंडी उचलून जैसलमेरच्या केंद्रात पिल्लं वाढवतात, आणि ते तंत्र शिकवलं अबुधाबीच्या हुबारा संवर्धन निधीने. हुबारा हा माळढोकाचाच वाळवंटी भाऊबंद. २०२४च्या ऑक्टोबरात तिथे कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पहिलं पिल्लू आलं. ही ओरिक्सची वाट, आणि तिला बाहेरच्या माळावरच्या विजेच्या तारांचं काय, हा प्रश्न आहेच. दुसरीकडे तामिळनाडूने २०२२मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं समुद्रगाय राखीव क्षेत्र जाहीर केलं. तिथे पिंजरा नाही, अंडी नाहीत. गवत राखायचं आणि कोळ्यांना रोज समजावायचं, एवढंच काम. त्याचे फोटो चांगले येत नाहीत. पैसे कुठल्या वाटेला सहज मिळतात हे सांगायला एमबीएची गरज नाही.

आपल्या ऐकणाऱ्यांत रुवैस, सिला, दलमा भागात काम करणारे बरेच आहेत, ऑफशोअरवर जाणारेही आहेत. बोटीतून जाताना उथळ, हिरवट पाण्यात राखाडी पाठ वर येऊन पुन्हा खाली जाताना कुणी पाहिली असेल तर आम्हाला कळवा. दिवस, वेळ, साधारण जागा, आणि बरोबर पिल्लू होतं का, एवढं लिहिलं तरी पुरे. पुढच्या भागात ती पत्रं वाचून दाखवू.